रविवारच्या रंगीत साड्या

मी कुणाचंच ऐकत नाही अशी माझी ख्याती आहे. सासरी आहे, शिकवते त्या शाळेत आहे, माहेरी तर लहानपणापासून आहे. पण आयुष्यात एका माणसाचं मी डोळे झाकून ऐकलं. तो माझा धाकटा भाऊ. आई-बाबांनी मोठ्या हौसेने त्याचं नाव आदर्श ठेवलं होतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर आई न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण दोन तास ती तिथेच ओल्या फरशीवर पडून होती. आदर्श आणि त्याची बायको शिल्पा दोघंही नोकरीवर गेलेले. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कळलं. मी पुण्याहून मिळेल त्या गाडीने हैदराबादचं दिलसुखनगर गाठलं आणि चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, की आईला मी पुण्याला घेऊन जाते.

आदर्शने माझे दोन्ही हात धरले. "अक्का, लाइट घे जरा, एवढं मनाला नको लावून घेऊ. दिवसा एक बाई लावतो. सकाळ-संध्याकाळ, रात्री आम्ही दोघं आहोत ना घरात. आई एकटी राहणार नाही. माझी जबान आहे तुला."

आईनेही मान हलवली. तिला इथून हलायचंच नव्हतं. बाबा, म्हणजे किशनराव, देगलूरकडून टेलिफोन खात्यात नोकरीला आले, गौलीगुड्यात एका खोलीत संसार मांडला आणि मग हे घर बांधलं. बाबा गेले तेही इथेच. तिचं विहार इथे, तिच्या सोबतच्या बाया इथे. मी मऊ झाले. नाही म्हटलं तरी जबान दिली होती त्याने.

पण नुसत्या जबानीवर परत जाईन तर ती मी कसली? जाताना मी एक प्रिंटर घेऊन दिला. शाईच्या टाक्या असलेला, रंगीत फोटो छापणारा. आईला मोबाइलमधले फोटो आवडत नाहीत. "काचेतलं माणूस लगेच पळून जातं माय," म्हणते. तिला फोटो हातात लागतो. म्हणून मी घरातले सगळे जुने फोटो स्कॅन केले: बाबांची स्कूटर, गौलीगुड्याची खोली, देगलूरची लग्नं, आम्हा दोघांच्या शाळेच्या गणवेशातल्या रडक्या सुरती. ते आदर्शच्या लॅपटॉपवर टाकले आणि नेम घालून दिला. दर रविवारी एक फोटो छापायचा, आईच्या हातात द्यायचा आणि आईचा तो फोटो धरलेला फोटो मला पाठवायचा.

"दर रविवारी कशाला?" त्याने विचारलं होतं.

"शाईचा प्रिंटर पडून राहिला की शाई सोडणारं त्याचं हेड सुकतं. आठवड्याला एक रंगीत पान गेलंच पाहिजे."

हे खरंच होतं. पण मनातलं कारण वेगळं होतं आणि ते मी त्याला सांगितलं नाही. आईचा फोटो यायचा म्हणजे समोर कुणीतरी तो काढणारं हवं. निदान रविवारी तरी तिच्याजवळ माणूस आहे, हे मला त्या फोटोतून दिसणार होतं.

आणि आदर्शने नेम पाळला. मला वाटलं होतं महिनाभरात ढेपाळेल. पण रविवारी दहाच्या सुमारास मोबाइल वाजायचा आणि आई दिसायची. कधी हिरव्या साडीत, कधी जांभळ्या, कधी वरून स्वेटर घातलेला. पदर सावरलेला, छातीशी धरलेला फोटो आणि ते हसू. मी तो फोटो नवऱ्याला दाखवायचे, शाळेत दाखवायचे. "बघा, माझा भाऊ," म्हणायचे. हिवाळा गेला, मार्च-एप्रिल गेले, मी पुण्यात निर्धास्त झोपले.

मेमध्ये सुट्टी लागली तशी मी हैदराबादला आले. शनिवारी संध्याकाळी पोचले तर आदर्श, शिल्पा, आई, सगळे दारात. जेवायला बगारा भात आणि खट्टी दाल. शिल्पाने आईला दोनदा हाक मारून विचारलं, "आई, हिंग कुठाय? आणि मोठा चमचा?" मी मनात म्हटलं, हिच्या स्वयंपाकघरात अजून आईचंच राज्य दिसतंय. मला बरंच वाटलं.

रविवारी सकाळी आई विहारात वंदनेला गेली. मी ठरवलं, ती यायच्या आत बाबांचा स्कूटरवरचा फोटो मोठा छापून ठेवायचा. येत्या पौर्णिमेला फ्रेम करून लावू, भिंतीवरचा जुना अगदी विटलाय. आदर्शला प्रिंटर विचारला तर तो जरासा थबकला. मग कपाटावरून त्याने तो खाली काढला. त्याच्यावर चादर घातलेली होती.

"वर का ठेवलाय?"

"जागा कमी पडते ना अक्का."

दर रविवारी कपाटावर चढून हा माणूस प्रिंटर काढतो, छापतो आणि परत ठेवतो? मला भावाचा अभिमान वाटला. हो, अभिमान. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बाबा छापून आले ते निळे. तोंड निळं, शर्ट निळा, स्कूटर निळी आणि अंगभर पांढऱ्या रेघा. लाल नाही, पिवळा नाही. काळा म्हणावा तर मधे मधे उमटलेला. मी तपासणीचं पान काढलं. त्यावर प्रत्येक रंगाची जाळी उमटायला हवी. लाल-पिवळ्याची जागा कोरी होती. लॅपटॉपवरून साफसफाईचा हुकूम दिला. प्रिंटर घरघरला, कण्हला, आणि पुन्हा तेच.

"गर्मी किती आहे बघ ना," आदर्श म्हणाला. "सुकली असेल शाई."

"गेल्या रविवारी तर छापलं होतंस की."

"हौ, छापलं होतं. एका हफ्त्यात होतं कधी कधी. नक्को आता, राहू दे. मी दुकानात देतो."

दुकानात कशाला? पुण्यात माझा प्रिंटर एका उन्हाळ्यात असाच बसला होता आणि तो मी घरीच उठवला होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी घरात होतंच. त्याला म्हटलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक सिरिंज आण, सुई नको, नुसती सिरिंज. तो लगेच गेला. या घरातून बाहेर पडायला त्याला बरंच वाटलं असावं, हे मला आता कळतं.

मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. प्रिंटर चालू करून छापायला लावला, हेडचा डबा सरकत मध्यावर आला तसा प्लग उपटला, म्हणजे तो डबा हाताने सरकवता येतो. मऊ सुती कापडाची घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवली, हेडच्या वाटेत ठेवली आणि डबा हळूच तिच्यावर आणून सोडला. आता ओलाव्याने वाळलेली शाई सुटायला हवी. घाई करून चालत नाही. घासलं तर हेड जातं, आणि हेड गेलं की प्रिंटर भंगारात.

थोड्या वेळाने घडी काढून पाहिली. कापडावर निळा डाग होता. लालाचा नुसता एक ठिपका, पिवळ्याचा तोही नाही. दुसरी घडी ठेवली. आदर्शने आणलेल्या सिरिंजला नळीचा तुकडा बसवला, तो शाई आत जाते त्या तोंडावर लावला आणि थेंब थेंब पाणी सोडलं. पाणी पुढे सरकेना. आतली शाई घट्ट बसली होती. अशी शाई मी एकदाच पाहिली होती, पुण्यात, त्या उन्हाळ्यात. पण माझा प्रिंटर तेव्हा महिनोन् महिने बंद होता.

मी टाक्यांकडे पाहिलं. चारही रंग बरेच खाली गेलेले होते. म्हणजे फोटो छापले होते, त्यात खोटं नव्हतं. शाई वापरलेली आणि हेड मात्र महिनोन् महिने न चाललेलं. मुलं प्रयोगाच्या वहीत असं काही लिहून आणतात तेव्हा मी त्यांना विचारते, दोन्हींतलं खरं काय? मला स्वतःला ते विचारायचं नव्हतं. मी तिसरी घडी भिजवली.

तेवढ्यात आई आली. पांढरी स्वच्छ साडी, कपाळावर घाम, हातात पिशवी. माझ्यासमोर खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.

"काय गं, सकाळी सकाळी यंत्र फाडून बसलीस?"

मी हसले. तिच्या साडीवर शाई उडू नये म्हणून वर्तमानपत्र ओढून घेतलं. पांढऱ्यावर डाग पडला तर ती दिवसभर मला सुनावणार. रविवारी वंदनेला आई पांढरीच साडी नेसते. आम्ही लहान होतो तेव्हापासून. विहारातून आली तरी दिवसभर बदलत नाही, त्यातच जेवते, त्यातच आडवी होते. बाबा चिडवायचे की रविवारी घरात दोन पांढऱ्या वस्तू असतात, एक फ्रिज आणि एक केसर. केसर म्हणजे आई.

माझा हात थांबला.

मोबाइल काढला. आदर्शने पाठवलेले रविवारचे फोटो एकामागून एक पाहिले. हिरवी. जांभळी. मोरपंखी. डाळिंबी, वर स्वेटर. पुन्हा तीच हिरवी, वर शाल. रविवारी सकाळी दहा वाजता माझी आई मोरपंखी साडी नेसून काय करते आहे? एवढे महिने मी तिचं तोंड बघत होते, साडीकडे कोण बघतं! आता बघितलं, तर उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. हिरव्या साडीत पट्टी, जांभळीत पट्टी, एप्रिलमधल्या फोटोतही तीच पट्टी, कडेला तशीच सुटलेली. एवढ्या महिन्यांत बरा न होणारा अंगठा कुणाचा असतो?

मी आईचा हात धरून पाहिला. अंगठा धडधाकट होता.

"आदर्श," मी हाक मारली. माझ्या आवाजाने शिल्पा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. "हे सगळे फोटो तू एका दिवशी काढलेस."

आदर्शला खोटं बोलता येत नाही अशी माझी समजूत होती. त्याला फक्त तोंडावर खोटं बोलता येत नाही.

"कधी काढलेस?"

"डिसेंबरमध्ये," तो म्हणाला.

"आणि मग दर रविवारी काय करत होतास?"

"पाठवत होतो."

"इथून?"

शिल्पानेच सांगितलं. तिचं ऑफिस कोंडापूरला, त्याचं माधापूरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोजची दोन-दोन तासांची ट्रॅफिक, तिची पाठ गेली. डिसेंबरमध्ये त्यांनी तिकडे भाड्याने फ्लॅट घेतला. आठवड्यातून एकदा येऊन जातात. "म्हणजे, जमेल तसं," ती म्हणाली.

"आणि रात्री? रात्री कोण असतं आईजवळ?"

"दिवसाची बाई आहे ना," आदर्श म्हणाला. "आणि खाली हॉस्टेलच्या पोरी आहेत अक्का. आवाज दिला की येतात."

खालचा मजला कोचिंगच्या मुलींना दिला होता, ते मला माहीत होतं. रात्रभर कानात इयरफोन घालून अभ्यास करणाऱ्या पोरी. न्हाणीत पडलेल्या म्हातारीचा आवाज त्यांना कसा जाणार?

मला फोन आठवले. मी आईला संध्याकाळी फोन करायचे आणि विचारायचे, आदर्श कुठाय? अंघोळीला गेलाय. दुसऱ्या वेळी, दूध आणायला गेलाय. पुन्हा अंघोळीला. माझा भाऊ हिवाळाभर अंघोळच करत होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचं बोलणं मी तिचं म्हणून खरं मानलं.

पण तेव्हा तो विचार मी पुरा केला नाही. संताप आधी आला. मी आदर्शला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शरम, लाज, बाबांचं नाव, सगळं निघालं. तो रडायला लागला तरी थांबले नाही. वर म्हटलं, "जबान दिली होतीस ना? थू तुझ्या जबानीवर. आई, ऊठ. कपडे भर. आजच्या आज पुण्याला."

आई उठली नाही. तिने रिकामा पेला टेबलावर ठेवला.

"त्याला नको बोलू," ती म्हणाली. "मीच सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"जा म्हनून. आन् फोटोचं बी." ती शांतपणे बोलत होती, भाजी काय करायची ते सांगावं तसं. "ते लेकरू रडत होतं, अक्काला काय सांगू म्हनून. मी म्हनलं, समदे फोटो आजच छाप, आजच काढू, तू एक-एक धाडत जा. साड्या मीच काढल्या कपाटातून. दुपार गेली त्यात. कंबर धरली माझी."

"पांढरी का नाही नेसलीस?" मी विचारलं. एवढं सगळं असताना मला हेच विचारावंसं वाटलं.

"पांढऱ्यात समदे रविवार एकसारखेच दिसले असते की. तुला खरं वाटलं नसतं."

माझ्या हातातली सिरिंज मी खाली ठेवली.

"मला का फसवलंस आई? मला?"

"तू मला घेऊन गेली असतीस. आन् त्याच्याशी जन्मभर बोलली नसतीस. तू तशीच हायेस." तिने माझ्याकडे पाहिलं. "मी ठीक होते ना? पडले का मी परत? नाही पडले."

"पडली असतीस तर?"

तिने पदराची कड सरळ केली. मग म्हणाली, "पडले असते तर तुला कळवलं असतं त्यानं."

भावाने फसवलं ते मी पचवलं असतं. भावावर ओरडता येतं, आरडाओरडा करून हलकं होता येतं. पण इथे माझी आई बसली होती. माझ्याशी खोटं बोललीस तर बघ, म्हणून जिने लहानपणी मला उलथन्याने मारलं होतं, तिने माझ्यासाठी डिसेंबरच्या एका दुपारी साड्या बदलल्या, पदर सावरले, शाल घेतली, काढली, आणि प्रत्येक वेळी हसली. मी तिच्या त्या हसण्यावर एवढे महिने काढले. माझ्याच आईने मला फसवलं आणि ते भावासाठी. मला एवढं एकटं बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

आदर्श आणि शिल्पा आत गेले. आई तिथेच बसली. मला काही सुचेना म्हणून मी काम केलं. घडी काढली. कापडावर लाल रंग चांगला उतरला होता आणि कडेला पिवळाही. सिरिंजमध्ये पुन्हा कोमट पाणी घेतलं, नळी लावली. या वेळी पाणी गेलं. जरा अडलं, मग सुटलं आणि खालच्या कापडावर लाल थेंब पडला. पिवळ्याला वेळ लागला. मी नळी धरून उभी राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच वाहू दिले.

सगळं पुसून प्लग लावला. तपासणीचं पान काढलं. चारही जाळ्या अखंड उमटल्या होत्या, एकही रेघ तुटलेली नव्हती. मग बाबांना पाठवलं. प्रिंटर मुकाट चालला. आधी आभाळ आलं, मग बाबांचे केस, मग तो तपकिरी चौकटीचा शर्ट, मग लाल स्कूटर. बाबा खरेखुरे, त्यांच्या रंगात.

शाई वाळू दिली आणि तो कागद मी आईपुढे धरला. आता तरी काही बोलेल असं वाटलं. बाबांना बघून तिला रडू येईल, मग मलाही येईल, मग आम्ही बोलू. मला तेवढंच हवं होतं.

आईने कागद दोन्ही हातांनी घेतला. एकदा बघितला. मग पांढरा पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला, पाठ ताठ केली, बाबांना छातीशी धरलं आणि मान वर करून माझ्याकडे हसून बघत थांबली.

तेच हसू होतं.

"काढ की," ती म्हणाली.